आठ बाइटांचा घोळ

इंटरनेट पूर्ण बंद पडलं असतं तर मी निवांत असते. कंपनीला फोन लावायचा, तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा आणि लाइन येईपर्यंत कपाट आवरायचं. पण माझ्याकडे सगळं चालू होतं. मेल येत होते, यूट्यूब एकदाही अडखळत नव्हतं, बातम्या उघडत होत्या. अडल्या होत्या फक्त चार साइट्स: विद्यापीठाच्या ग्रंथालयाची सूची, माझी बँक, एका सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका आणि माझ्या दादाची साइट. या चारांपैकी कुठलाही पत्ता टाकला की टॅबवरचं चक्र फिरत राहायचं, पान पांढरंफटक, आणि मिनिटभराने ब्राउझर हात वर करायचा: समोरून वेळेत उत्तर आलं नाही.

मी घरून भाषांतराचं काम करते. हातातलं काम त्याच सॉफ्टवेअरचं होतं आणि शुक्रवारी द्यायचं होतं. ते सोमवारी उघडायला घेतलं, म्हणून बिघाड सोमवारी लक्षात आला. होता कधीपासून, देव जाणे.

पहिल्या संध्याकाळी सगळे करतात तेच केलं. ब्राउझर बंद करून उघडला, कॅशे पुसली, एक्स्टेन्शन्स काढली, दुसरा ब्राउझर उतरवून घेतला, अँटिव्हायरसला थोडा वेळ झोपवलं. संगणकाचं घड्याळही पाहिलं, कारण तारीख चुकली की सुरक्षित साइट्सची प्रमाणपत्रं मुदत संपल्यासारखी वाटायला लागतात. ३० सप्टेंबर २०२१ला एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं, तेव्हा माझ्या आधीच्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर अशाच काही साइट्स रुसल्या होत्या. पण तेव्हा ब्राउझर निदान तोंडाने सांगत होता की प्रमाणपत्रात खोट आहे. इथे तक्रारच नव्हती, नुसतं ताटकळणं.

मग लेकीला हाक मारली. ती तिच्या खोलीत होती. ग्रंथालयाचा पत्ता ओरडून सांगितला आणि म्हटलं, फोनवर उघडतंय का बघ.

‘उघडतंय की!’ आतून उत्तर आलं. ‘आई, तुझा कॉम्प्युटरच गंडलाय.’

त्या एका वाक्याने माझे पुढचे दोन दिवस खाल्ले.

कारण तर्क सरळ होता. घर एक, वाय-फाय एक, साइट एक. फोनवर उघडते, संगणकावर नाही. म्हणजे दोष संगणकात. हे गृहीत धरून मी संगणक उलटापालटा केला. नेटवर्कच्या सगळ्या सेटिंग्ज मूळपदावर आणल्या, प्रॉक्सी कुणी गुपचूप लावून ठेवली आहे का ते पाहिलं, विषाणूंची पूर्ण तपासणी रात्रभर लावून ठेवली. सकाळी तिचा निकाल आला: काहीही सापडलं नाही. एखादा विषाणू सापडला असता तर मला खरंच आनंद झाला असता.

मंगळवारी इंटरनेट कंपनीला फोन केला. नाव घेत नाही, आणि तो मुलगा बोलायला अगदी अदबशीर होता. त्याने माझ्याकडून राउटर बंद-चालू करून घेतला, मग विचारलं, ‘मॅडम, यूट्यूब चालतंय ना?’

‘हो.’

‘मग लाइन नीट आहे, मॅडम. आणि राउटर तर आपला मागच्याच आठवड्यात नवीन बसवलाय, त्यामुळे तिकडे काही प्रश्न नाही. त्या साइट्सचाच प्रॉब्लेम असेल.’

चार वेगवेगळ्या साइट्सनी एकाच वेळी माझ्याशी वैर धरलं असेल, हे मला पटेना. पण राउटर नवा आहे हे त्याने ज्या थाटात सांगितलं, ते मी मुकाट्याने मान्य केलं. नवी वस्तू म्हणजे चांगली वस्तू.

तो फोन ठेवल्यावर मी काळी खिडकी उघडली. संगणकावर अक्षरं टाइप करून हुकूम द्यायची ती जुनी काळी खिडकी, जिला आमच्या घरी मी सोडून सगळे घाबरतात. आपण साइटचं नाव टाकतो तेव्हा संगणकाला आधी त्या नावाचा आकडी पत्ता शोधावा लागतो, आणि तो सांगायचं काम डीएनएसचं. नाव बरोबर आणि पत्ता चुकीचा, अशी गडबड असेल तर नेमक्या काही साइट्स बंद पडू शकतात. म्हणून मी चारही नावं दोन प्रकारे विचारली. एकदा एनएसलुकअपने, म्हणजे नावाचा नुसता पत्ता विचारणाऱ्या हुकमाने, आणि एकदा पिंगने, म्हणजे त्या पत्त्यावर हाक मारून उत्तर येतं का ते बघणाऱ्या हुकमाने.

तीन साइट्सच्या बाबतीत दोघांनी एकच पत्ता सांगितला. पिंगला मात्र त्या तिन्ही साइट्सनी उत्तर दिलं नाही. याचं मला काही वाटलं नाही. पुष्कळ सर्व्हर पिंगला उत्तर द्यायचं नाही असंच ठरवून बसलेले असतात.

चौथ्या साइटपाशी, म्हणजे दादाच्या, दोघांची जबानी जुळेना. एनएसलुकअप एक पत्ता सांगत होतं, पिंग दुसऱ्याच पत्त्यावर हाका मारत होतं. मी पुन्हा टाइप केलं. तेच.

हा फरक पाहिला आणि पोटात धस्स झालं, कारण तो कशाने पडतो ते मला माहीत होतं. एनएसलुकअप थेट डीएनएस सर्व्हरला जाऊन विचारतं. पिंग आणि ब्राउझर संगणकाला विचारतात, आणि संगणक बाहेर जाण्याआधी घरातली एक वही उघडून बघतो. त्या वहीचं नाव होस्ट्स. विंडोजमध्ये ती सिस्टीम ३२च्या पोटात, ड्रायव्हर्सच्या आत, ईटीसी नावाच्या फोल्डरमध्ये असते.

ही वही डीएनएसपेक्षाही जुनी. एके काळी साऱ्या नेटवर्कला मिळून अशी एकच यादी होती. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या हाताखालची मंडळी ती सांभाळायची आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घ्यायचे. यंत्रं वाढली, यादी आवरेना, म्हणून पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३मध्ये डीएनएसची कल्पना मांडली. यादी गेली, पण प्रत्येक संगणकात तिची एक चिमुकली वंशज राहिली, आणि तिच्यात लिहिलेलं डीएनएसच्या आधी मानायचं ही रीतही राहिली.

माझ्या वहीत एकच ओळ होती. दादाच्या साइटचं नाव, पुढे एक आकडी पत्ता, आणि वर माझीच टीप: तात्पुरतं, काम झालं की काढणे.

दोन वर्षांपूर्वी दादाची साइट नव्या सर्व्हरवर हलवायला मीच मदत केली होती. सगळ्या जगाला नवा पत्ता कळण्याआधी आपल्यापुरतं तपासता यावं म्हणून अशी ओळ घालतात. काम झालं. ओळ राहिली. पत्ता तोच होता तोवर ती चूक कुणालाच बोचली नाही. दादाला फोन लावला.

‘दादा, तू सर्व्हर बदललास का इतक्यात?’

‘महिना झाला गं. तुला म्हटलं होतं की. का, काय झालं?’

‘काही नाही,’ मी म्हणाले.

ओळ पुसायला गेले तर संगणक म्हणतो, तुम्हाला ही फाइल बदलायचा अधिकार नाही. नोटपॅड अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलं, ओळ पुसली, डीएनएसची साठवण रिकामी केली आणि दादाची साइट क्षणात समोर. खुर्चीत मागे रेलून मी मोठ्या ऐटीत ग्रंथालयाचा पत्ता टाकला.

चक्र फिरत राहिलं.

दोन वेगळे बिघाड एकमेकांच्या अंगावर बसले होते आणि मी त्यांना एक समजत होते. एकाचा उलगडा झाल्यावर दुसराही त्याच जातीचा असणार असं वाटून मी मंगळवारची उरलेली रात्र डीएनएसच्या मागे घालवली. डीएनएस सर्व्हर बदलून ८.८.८.८ ठेवला, मग १.१.१.१ ठेवला. पत्ते बरोबरच येत होते. ते आधीही बरोबरच होते, हे मला दिसत होतं. पण सापडलेल्या उत्तराच्या आसपासच हात फिरत राहतो, त्याला काय करणार.

बुधवारी सकाळी एक गोष्ट करून पाहिली, जी सोमवारीच करायला हवी होती. पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन नावाची कमांड आहे. तिला साइटचं नाव आणि दाराचा, म्हणजे पोर्टचा क्रमांक द्यायचा. सुरक्षित साइट्सचं दार ४४३. तिन्ही साइट्सवर तिने झटक्यात सांगितलं की दार उघडतंय, जोडणी होतेय.

म्हणजे मी साइटपर्यंत पोहोचत होते! दार वाजवलं की कडी निघत होती. उंबऱ्यात उभं राहून नमस्कार केला की मात्र आतून कुणी बोलत नव्हतं.

आता डोळ्यांनी पाहिल्याशिवाय भागणार नव्हतं, म्हणून वायरशार्क चढवलं. संगणकाच्या तारेवरून, किंवा हवेतून, जाणारं-येणारं प्रत्येक पॅकेट, म्हणजे मजकुराचा एकेक तुकडा, हा प्रोग्राम ओळीने मांडून दाखवतो. जेराल्ड कोम्ब्स यांनी १९९८मध्ये तो ईथरियल नावाने काढला. वायरशार्क हे बारसं २००६चं. दिसायला भीतिदायक आहे, पण वाचायच्या ओळी मोजक्याच असतात. ब्राउझर एका पानासाठी डझनांनी जोडण्या करतो आणि चित्र गढूळ होतं, म्हणून मी ब्राउझर बंद करून कर्लने, म्हणजे काळ्या खिडकीतून पान मागवणाऱ्या छोट्या प्रोग्रामने, एकदाच ग्रंथालयाला हाक मारली.

ओळी अशा होत्या. पहिल्या तीन ओळी जोडणीच्या: मी आहे, मीही आहे, ठरलं. चौथी ओळ माझ्याकडून गेलेला क्लायंट हॅलो, म्हणजे सुरक्षित बोलणं सुरू करूया असा निरोप. पाचवी ओळ सर्व्हरची पोच. इथवर सगळं सेकंदाच्या लहानशा भागात. आणि सहावी ओळ काळ्या पट्टीवर लाल अक्षरांत: मधला तुकडा मिळालेला नाही.

वायरशार्क बिघडलेल्या ओळी अशाच रंगवतं. मी त्या ओळीवर क्लिक करून क्रमांक पाहिले. सर्व्हरकडून येणाऱ्या मजकुराचा प्रत्येक बाइट मोजलेला असतो. मला पहिल्या बाइटपासून मजकूर हवा होता. आला होता तो २९२१व्या बाइटपासून पुढचा लहानसा तुकडा. १ ते २९२० गायब. माझ्या संगणकाने पुन्हा सांगितलं, मला एकपासून द्या. मग शांतता. मिनिटभराने पलीकडून जोडणी तोडल्याची ओळ.

बाकीच्या दोन साइट्सवरही हेच करून पाहिलं. बँक: २९२१. माहितीपुस्तिका: २९२१.

तीन वेगवेगळ्या संस्था, तीन वेगवेगळे सर्व्हर, आणि भोक मात्र एकाच मापाचं. मी समोरच्या कागदावर २९२० लिहिलं आणि खाली भागाकार केला. दोनाने भागलं तर १४६०.

१४६० हा आकडा मी आत्ताच कुठेतरी पाहिला होता. वर गेले. जोडणीच्या पहिल्या ओळीत, माझ्याच संगणकाने सांगितलेला: मला एका खेपेला जास्तीत जास्त १४६० बाइटांचा मजकूर पाठवा. त्याला २० बाइटांचं टीसीपीचं, म्हणजे जोडणी सांभाळणाऱ्या पद्धतीचं, वेष्टन आणि २० बाइटांचं आयपीचं, म्हणजे पत्त्याचं, वेष्टन घातलं की होतात १५००. इथरनेटवरचं पॅकेट जास्तीत जास्त एवढंच मोठं. म्हणजे सर्व्हरने दोन पूर्ण भरलेली पॅकेटं पाठवली ती वाटेत मेली, आणि तिसरं अर्धवट भरलेलं सुखरूप पोहोचलं. लहान पॅकेटं येत होती. मोठी येत नव्हती. दार वाजवण्याचे निरोप लहान असतात. साइटची प्रमाणपत्रं मोठी असतात.

हे दिसल्यावर पुढची परीक्षा पाच मिनिटांची होती. विंडोजच्या पिंगला दोन शेपट्या जोडता येतात. एक एल, म्हणजे किती बाइट पाठवायचे, आणि एक एफ, म्हणजे वाटेत पॅकेटचे तुकडे करायचे नाहीत. पिंगचं स्वतःचं वेष्टन २८ बाइटांचं, म्हणून १५००चं पूर्ण पॅकेट हवं तर १४७२ द्यायचे. १.१.१.१ला १४७२ने पिंग केलं. उत्तर राउटरकडूनच आलं: पॅकेटचे तुकडे करायला लागतील, पण तुम्ही मनाई केली आहे. १४००ने केलं, गेलं. १४५०, गेलं. १४७०, नाही. १४६५, नाही. १४६४, गेलं.

१४६४ आणि २८ मिळून १४९२. पंधराशेला आठ कमी.

हे आठ बाइट कुठून येतात ते मला पुस्तकी माहीत होतं, कधी अंगावर आले नव्हते. आमची लाइन पीपीपीओई पद्धतीची आहे, म्हणजे राउटरमध्ये वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड घालून जोडणी होते. ही पद्धत १९९९मध्ये आरएफसी २५१६ या दस्तऐवजात लिहून ठेवली गेली. तीत प्रत्येक पॅकेटला आणखी एक पाकीट घालतात: सहा बाइट पीपीपीओईचे, दोन पीपीपीचे. पंधराशेच्या जागेत आठ बाइट पाकिटाला गेले की आत १४९२ उरतात. जगात असंख्य घरांत अशा लाइनी चालतात आणि कुणाला काही जाणवत नाही, कारण जास्त मोठं पॅकेट आलं तर काय करायचं याची सोय फार आधी, १९९०च्या आरएफसी ११९१मध्ये करून ठेवली आहे.

सोय अशी, की एखादा उंच ट्रक कमी उंचीच्या पुलाशी आला तर पुलावरचा माणूस ट्रक अडवतो आणि जिथून तो निघाला तिथे निरोप धाडतो: माल उंच होतोय, एवढ्या मापाचा पाठवा. गोदामवाला माप कमी करतो आणि गाडी सुरू होते. हा निरोप आयसीएमपी नावाच्या पद्धतीने जातो, प्रकार ३, संकेत ४. पिंगही आयसीएमपीच. आणि काही गोदामांच्या दारावर असा पहारेकरी बसवलेला असतो की आयसीएमपीचं काहीही आलं तरी आत सोडायचं नाही. सुरक्षितता म्हणून. तो पिंग अडवतो, आणि पुलावरून आलेली चिठ्ठीही अडवतो. आत गोदामवाला बिचारा तोच उंच ट्रक पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. जाणकार याला ब्लॅक होल म्हणतात. आरएफसी २९२३ने २०००मध्येच या दुखण्याचं वर्णन करून ठेवलंय.

माझ्या तिन्ही साइट्सनी मंगळवारी पिंगला उत्तर दिलं नव्हतं. मी तेव्हा खांदे उडवले होते.

आणि यूट्यूब? ते का चालत होतं, हे विचारायला मला तो अदबशीर मुलगा हवा होता. गूगलच्या साइट्स क्रोमशी बऱ्याचदा क्विक नावाच्या पद्धतीने बोलतात. क्विकची सुरुवातच १२०० बाइटांच्या आसपासच्या पॅकेटांनी होते, आणि वाट मोठी आहे अशी खात्री झाल्याशिवाय ती माप वाढवत नाही. पुलाखालून ती वाकूनच जाते. म्हणजे ‘यूट्यूब चालतंय ना’ ही चाचणी या बिघाडासाठी अगदी निरुपयोगी. ताप आहे का हे बघायला वजनकाटा वापरण्यातली गत.

आता उपाय. काळ्या खिडकीत नेटश कमांडने माझ्या वाय-फायचं कमाल माप १५००वरून १४९२ केलं. त्यामुळे माझा संगणक आता जोडणीच्या पहिल्याच ओळीत १४६०ऐवजी १४५२ सांगणार होता आणि सर्व्हर मुळातच बुटके ट्रक पाठवणार होते. पहारेकरी काय करतो याच्याशी मग आपल्याला घेणंदेणं नाही. एंटर दाबलं, ग्रंथालय उघडलं. बँक उघडली. माहितीपुस्तिका उघडली, चित्रांसकट.

मी टाळी वाजवली, एकटीच. आणि मग काटा टोचला.

पूल माझ्या संगणकात नव्हता. पूल राउटरच्या पलीकडे होता. मग या राउटरवरून जाणारं कुठलंही यंत्र त्या तीन साइट्सवर अडकायला हवं होतं. लेकीचा फोन कसा नाही अडकला?

तिच्या दारात जाऊन उभी राहिले. ‘सोमवारी तू ग्रंथालयाची साइट उघडलीस ना, ती वाय-फायवर?’

‘छे,’ ती मान वर न करता म्हणाली. ‘नवीन राउटर तुम्ही हॉलच्या त्या टोकाला लावलाय. माझ्या खोलीत येतच नाही नीट. मी आठवडाभर डेटाच वापरतेय.’

‘मग सांगायचं नाही का?’

‘तू विचारलंस उघडतंय का. उघडत होतं.’

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. तिला हॉलमध्ये बसवलं, मोबाइल डेटा बंद करायला लावला, वाय-फाय चालू. ग्रंथालयाचा पत्ता. चक्र फिरायला लागलं. आम्ही दोघी त्या चक्राकडे बघत राहिलो. मला तर त्याच्याविषयी माया वाटायला लागली होती.

म्हणजे बिघाड राउटरचा. आधीच्या राउटरवर ही लाइन वर्षानुवर्षं चालली, पद्धत तीच, आठ बाइट तेच. मग तेव्हा का नाही? राउटरच्या पानावर शिरले. पासवर्ड तळाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवर होता. साध्या पानांवर काही नव्हतं. ‘प्रगत’ म्हणून जो विभाग असतो, ज्यात शिरल्यावर कंपनीची माणसं नाक मुरडतात, त्याच्या तिसऱ्या पानावर डब्ल्यूएएनच्या, म्हणजे बाहेरच्या लाइनच्या, मापाचा आकडा होता, १४९२. अगदी बरोबर. त्याच्या खाली एक चौकट: एमएसएस क्लॅम्पिंग. रिकामी.

त्या चौकटीत बरोबरची खूण असली की राउटर जाता जाता प्रत्येक जोडणीच्या पहिल्या ओळीत हात घालतो आणि १४६०चं १४५२ करतो. घरातल्या कुठल्याच यंत्राला पत्ता लागत नाही, पलीकडच्या सर्व्हरला पत्ता लागत नाही, आणि आयसीएमपीची चिठ्ठी पोहोचो न पोहोचो, काम चालतं. मी जे माझ्या संगणकात हाताने केलं, तेच, पण साऱ्या घरासाठी. अशी एवढीशी गोष्ट कुणी रिकामी का ठेवली असेल, याचा विचार मी सोडून दिला.

खात्री करायची होती म्हणून माळ्यावरून जुना राउटर खाली काढला. धूळ झटकली, लॅपटॉपला तारेने जोडला, त्याचं पान उघडलं. त्याच्यावरही तीच चौकट होती, आणि तिच्यात खूण होती. तो कळकट डबा इतकी वर्षं प्रत्येक जोडणीतले आठ बाइट गुपचूप कापत होता, आणि आम्ही त्याला ‘स्लो आहे’ म्हणून हिणवून माळ्यावर टाकला होता.

नव्या राउटरवर खूण केली, जपून ठेवा दाबलं, तो पुन्हा सुरू होईपर्यंत थांबले. मग माझ्या संगणकाचं माप परत १५०० केलं, नाहीतर साइट्स उघडल्याचं श्रेय नक्की कुणाचं ते कळलं नसतं. वायरशार्क लावलं, कर्लने हाक मारली. पहिल्या ओळीत माझा संगणक अजूनही १४६०च म्हणत होता, पण सर्व्हरकडून आलेल्या पॅकेटांत मजकूर १४५२चा होता. काळी पट्टी कुठे नाही. एकपासून सुरू होऊन शेवटपर्यंत सलग.

कंपनीला फोन करून हे सांगावं असं वाटलं, आणि सांगितलंही. या वेळी दुसरा आवाज होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, ‘नोंद करतो मॅडम’ म्हणाला आणि सध्या नेट चालतंय का असं विचारलं. चालतंय म्हटल्यावर तक्रार बंद केली. आमच्या इथे बसवले तसे राउटर त्यांनी आणखी किती घरांत रिकाम्या चौकटीनिशी बसवलेत, हे मात्र त्याला विचारायचं राहून गेलं.

लेक अजून हॉलमध्येच होती. म्हटलं, ‘आता बघ गं एकदा.’

‘उघडलं,’ ती म्हणाली.

मी तिच्या हातून फोन घेतला आणि पान नंतर पाहिलं. आधी वरच्या कोपऱ्यात वाय-फायची खूण आहे ना, ते.